गुरुजींचा आरसा
(संत जॉन मेरी व्हियानी यांच्या विद्यार्थिजीवनातून शिकण्यासारखे)



दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या गावातून एक फेरी मारून पाहा. काही घरांत पेढे वाटले जात असतात, मामा-मावशीचे फोन येत असतात. एखाद्या घराचे दार मात्र अर्धे लोटलेले असते. आत आई गप्प, वडील गप्प, आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेजाऱ्यांना सगळे कळलेले असते, पण विचारायचे कसे आणि धीर द्यायचा कसा, हे कुणालाच सुचत नाही.

४ ऑगस्टला आपण संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करतो. ते सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. त्या दिवशी आपण आपल्या फादरांना फुले देतो, शुभेच्छा देतो, मुले गाणे म्हणतात. पण हे संत विद्यार्थी म्हणून कसे होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते पुन्हा पुन्हा नापास झाले होते. सेमिनरीने त्यांना घरी पाठवले होते. तरीही ते टिकले, ते एका शिक्षकामुळे. आणि त्या शिक्षकाला ते अखेरच्या दिवसापर्यंत विसरले नाहीत. अर्धे लोटलेले दार असलेल्या प्रत्येक घरासाठी आज त्यांची ही गोष्ट.

शाळा नसलेले बालपण

जॉनचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात झाला. वडील शेतकरी. घरात देवाची भीती आणि गोरगरिबांना भाकरी देण्याची रीत. तो तीन वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पुढच्या काही वर्षांत चर्चेस बंद पडली. सरकारची शपथ घ्यायला नकार देणारे धर्मगुरू वेष पालटून फिरू लागले. रात्री कुणाच्या तरी घरात वा गोठ्यात चोरून मिस्सा होई. १७९९ साली जॉनने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तोही एक्युली गावातल्या एका घरात, खिडक्या झाकून. आतला मेणबत्तीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

अशा दिवसांत शाळा कुठली? हिवाळ्यात, शेतीची कामे नसताना गावातल्या शाळेत थोडेफार लिहायला-वाचायला शिकणे, एवढेच त्याचे शिक्षण. बाकी वेळ मेंढरे राखणे, द्राक्षमळ्यात कुदळ मारणे. मुलगा कामाला तरबेज होता. पण त्याच्या मनात एकच होते, आपण धर्मगुरू व्हायचे. त्यासाठी लॅटिन यायला हवे होते. मिस्सा लॅटिनमध्ये, पुस्तके लॅटिनमध्ये, आणि परीक्षासुद्धा लॅटिनमध्येच.

विसाव्या वर्षी पहिला धडा

वडिलांनी आधी परवानगी दिली नाही. शेतात हात कमी पडतील आणि शिक्षणाचा खर्च कोण करणार, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. दोन वर्षे अशीच गेली. अखेर वडील राजी झाले.

एक्युलीचे धर्मगुरू फादर शार्ल बाले यांनी आपल्या घरी मुलांसाठी छोटीशी शाळा चालवली होती. क्रांतीच्या काळात जिवावर उदार होऊन गुप्तपणे लोकांची सेवा केलेला हा माणूस. शरीराने उंच, स्वभावाने कडक, विद्येने मोठा. जॉनच्या आईने त्यांच्याकडे शब्द टाकला तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला होता. हातात कामे फार, आणखी विद्यार्थी नको, असे त्यांचे म्हणणे. पण नातेवाइकांनी, एकदा मुलाला पाहून तरी घ्या, अशी गळ घातली. फादरांनी त्याला पाहिले, त्याच्याशी बोलले आणि त्यांचे मन पालटले.

१८०६ सालची ही गोष्ट. जॉन वीस वर्षांचा होता. त्याच्या बाकावर बसलेली मुले बारा-तेरा वर्षांची. नांगर धरलेल्या राकट हातात लेखणी नीट बसत नव्हती. आदल्या दिवशी पाठ केलेले रूप दुसऱ्या दिवशी आठवत नसे. व्याकरण डोक्यात शिरत नसे. वर्गातली मुले फटाफट उत्तरे देत आणि हा थोराड विद्यार्थी खाली मान घालून उभा राही.

फादर बाले हुशार मुलांना त्याची शिकवणी घ्यायला सांगत. त्यांत लोरास नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता. एकदा तेच ते समजावून त्याचा संयम सुटला आणि त्याने सगळ्यांसमोर जॉनच्या थोबाडीत मारली. जॉन तापट नव्हता असे नाही. वयाने तो कितीतरी मोठा, अंगाने बळकट. पण तो त्या मुलापुढे गुडघे टेकून बसला आणि आपल्या मंदपणाबद्दल त्याने त्याची क्षमा मागितली. लोरासला रडू कोसळले. त्याने जॉनला मिठी मारली आणि दोघे कायमचे मित्र झाले. हाच मुलगा पुढे १८३७ साली अमेरिकेतील डुब्यूक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला.

तरीही जॉनला वाटू लागले, हे आपल्याला जमणार नाही, घरी परत जावे. फादर बाले यांच्या ते लक्षात आले. जॉनने संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीची यात्रा करायचे ठरवले. सुमारे शंभर किलोमीटरची वाट तो पायी चालला आणि वाटेत भाकरी मागून खाल्ली. लॅटिन फाडफाड यावे असे त्याचे मागणे नव्हते. पुढे जाण्यापुरते डोक्यात शिरावे, एवढेच. परत आल्यावर चमत्कार काही झाला नाही. अभ्यास तितकाच अवघड होता, फक्त त्याचे मन खचेनासे झाले.

पुस्तके सुटली

१८०९ साली नवे संकट आले. नेपोलियनचे स्पेनशी युद्ध चालू होते आणि जॉनला सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सूट असे, पण ती त्याला लागू झाली नाही. तो आजारी पडला, इस्पितळात राहिला आणि त्याची तुकडी पुढे निघून गेली. मागून तिला गाठायला निघालेला जॉन अखेर ले नोए या डोंगरातल्या गावात पोहोचला आणि तिथेच लपून राहिला. कायद्याच्या दृष्टीने तो पळपुटा शिपाई होता. संतांच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. एका विधवेने त्याला आसरा दिला. तो खोट्या नावाने तिच्याकडे राहिला, शेतात राबला आणि हिवाळ्यात गावातल्या मुलांना वाचायला शिकवू लागला. स्वतः धड न शिकलेला हा विद्यार्थी पहिल्यांदा शिक्षक झाला, तो असा.

१८१० मध्ये नेपोलियनच्या लग्नानिमित्त अशा शिपायांना माफी मिळाली. १८११ च्या सुरुवातीला जॉन घरी आला. थोड्याच दिवसांत आई देवाघरी गेली. हातचे एक-दीड वर्ष गेले होते. वय पंचवीस झाले होते. फादर बाले मात्र त्याची वाट पाहत होते. त्यांनी त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले.

सेमिनरीतून घरी

१८१२ साली जॉनला व्हेरिएर येथील लहान सेमिनरीत पाठवण्यात आले. त्याच्या वर्गाला शिकवणारे प्राध्यापकसुद्धा त्याच्याहून वयाने लहान होते. लॅटिन न कळणाऱ्या मोजक्या मुलांना वेगळे बसवून फ्रेंचमध्ये शिकवत. त्यांत हा एक. वर्तन चांगले, अभ्यास अगदी कच्चा, असा शेरा मिळाला.

त्याच सेमिनरीत मार्सेलिन शाम्पान्या नावाचा आणखी एक कच्चा विद्यार्थी होता. लहानपणी शाळेच्या पहिल्याच दिवशी शिक्षकाने एका मुलाला मारलेले पाहून त्याने शाळा सोडली होती. सेमिनरीतल्या पहिल्या वर्षानंतर, पुन्हा येऊ नकोस, असे त्याला सांगण्यात आले होते. तोही टिकून राहिला. पुढे १८१७ साली त्याने खेड्यातल्या मुलांना शिकवण्यासाठी मारिस्ट ब्रदर्स ही संस्था स्थापन केली. १९९९ मध्ये त्यालाही संतपद मिळाले. एकाच सेमिनरीतली दोन कच्ची मुले संत झाली!

१८१३ च्या शरद ऋतूत जॉन लिऑनच्या मोठ्या सेमिनरीत गेला. तिथे सगळे शिक्षण लॅटिनमध्ये. प्रश्न कळत नाही तर उत्तर काय देणार? काही महिन्यांतच त्याला सांगण्यात आले की, तू घरी जा.

तो खिन्न मनाने लिऑनमधल्या ब्रदर्सच्या मठात आपल्या एका मित्राकडे गेला. धर्मगुरू होण्याइतके लॅटिन मला येत नाही, मला ब्रदर म्हणून तरी घ्या, असे त्याने सांगितले. मग एक्युलीला येऊन त्याने गुरुजींना सारी हकीकत ऐकवली. फादर बाले यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, तुझ्या मित्राला पत्र लिही आणि कळव की तुझे शिक्षण अजून संपलेले नाही.

गुरुजींनी पद्धत बदलली

इथे फादर बाले यांनी काय केले ते नीट पाहू या. आणखी घोकंपट्टी कर, असे ते म्हणाले नाहीत. शिक्षाही केली नाही. तेच विषय त्यांनी त्याला फ्रेंचमध्ये, त्याच्या मातृभाषेत शिकवले. शेतकऱ्याच्या पोराला कळेल अशा भाषेत समजावले. धर्मशास्त्र त्याला कळत होते! अडत होते ते लॅटिनमध्ये.

तीन महिन्यांनी तो पुन्हा परीक्षेला बसला. समोर विद्वान परीक्षक. जॉन गोंधळला, तोंडातून धड शब्द फुटेना. पुन्हा अपयश.

फादर बाले दुसऱ्याच दिवशी लिऑनला गेले. त्यांनी वरिष्ठांना विनंती केली की, तुम्ही एक्युलीला या आणि या मुलाची परीक्षा माझ्या घरी, त्याला समजेल अशा भाषेत घ्या. वरिष्ठ आले. ओळखीच्या घरात, ओळखीच्या भाषेत जॉनने बऱ्यापैकी उत्तरे दिली. अखेरचा निर्णय व्हिकर जनरल फादर कुर्बों यांचा होता. त्यांनी विचारले, मुलगा भक्तिमान आहे का? पवित्र मरियेवर त्याची श्रद्धा आहे का? जपमाळ म्हणतो का? होकार मिळाल्यावर, उरलेले काम देवाची कृपा करील, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्याला बोलावून घेतले.

१३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल शहरात जॉन मेरी व्हियानी यांना गुरुदीक्षा मिळाली. लिऑनपासून सुमारे शंभर किलोमीटर. ते एकटेच, पायी चालत गेले. वय एकोणतीस वर्षे.

त्यांची पहिली नेमणूक एक्युलीलाच, आपल्या गुरुजींचे मदतनीस म्हणून झाली. सुरुवातीचे काही महिने त्यांना पापनिवेदन ऐकण्याची परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर त्यांच्यापुढे पहिल्यांदा पापनिवेदन करायला गुडघे टेकून बसले, ते स्वतः फादर बाले. ज्या मुलाला लॅटिनची रूपे शिकवली, त्याच्यापुढे गुरुजी नम्र झाले. विद्यार्थ्यावरचा विश्वास याहून मोठा कोणता असेल?

ऋण कसे फेडले?

डिसेंबर १८१७ मध्ये फादर बाले आपल्या या विद्यार्थ्याच्या सोबतीत देवाघरी गेले. व्हियानी पोरके झाल्यासारखे रडले. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांना आर्स या सव्वादोनशे-अडीचशे वस्तीच्या आडगावी पाठवण्यात आले.

व्हियानींना वस्तूंचा मोह नव्हता. घरातले चांगले सामान, अंगावरचे कपडेसुद्धा ते देऊन टाकत. पण एक जुना छोटा आरसा त्यांनी जपून ठेवला होता. तो फादर बाले यांचा होता. गुरुजींचा चेहरा त्या आरशात उमटला होता, म्हणून तो त्यांना मोलाचा वाटे. रोजच्या मिस्सात ते गुरुजींचे नाव घेत. वार्धक्यातही गुरुजींचा विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

पण कृतज्ञता आरशापाशी थांबली नाही. गुरुजींनी आपल्यासाठी जे केले, ते त्यांनी गावातल्या मुलांसाठी केले. १८२४ साली त्यांनी आर्समध्ये मुलींसाठी मोफत शाळा उघडली. शिक्षिका आणायच्या कुठून? गावातल्याच दोन साध्या मुलींना त्यांनी शेजारच्या गावी सिस्टरांकडे शिकायला पाठवले आणि शाळा त्यांच्या हाती दिली. पुढे तिथे अनाथ मुलींना आसरा मिळाला. व्हियानी स्वतः तिथे रोज धर्मशिक्षण देत. त्या साध्या पाठाला हळूहळू मोठी माणसेही येऊ लागली, इतकी की तो पाठ चर्चमध्ये घ्यावा लागला. १८४५ मध्ये पॅरिस गाजवणारे प्रवचनकार फादर लाकोर्देर मुद्दाम आर्सला आले आणि लॅटिनमध्ये नापास झालेल्या या धर्मगुरूचे प्रवचन त्यांनी खाली बसून ऐकले.

अखेरच्या वर्षांत देशभरातून हजारो लोक पापनिवेदनासाठी येत आणि कित्येक दिवस थांबत. उन्हाळ्यात व्हियानी दिवसाचे सोळा-सोळा तास त्या लाकडी खुर्चीत बसत. हरलेल्या, शरमलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे त्यांना ठाऊक होते. तो धडा ते कोणत्या शाळेत शिकले होते, ते आता आपल्याला कळले आहे. ४ ऑगस्ट १८५९ रोजी ते प्रभूकडे गेले. १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

अपयशाने काय शिकवले?

पहिली गोष्ट अशी की, परीक्षकांनी अन्याय केला नव्हता. जॉनचे लॅटिन खरोखरच कच्चे होते आणि ते पुढेही फारसे सुधारले नाही. आपण नापास झालो की पेपर अवघड होता, तपासणारा चुकला, शिक्षक वाईट, असे म्हणतो. जॉनने कुणाला दोष दिला नाही, आपला कच्चेपणा मान्य केला. मात्र लॅटिनची परीक्षा लॅटिनच मोजते. माणसाची माया, चिकाटी, प्रामाणिकपणा तिच्या गुणपत्रिकेत मावत नाही. निकाल खरा असतो, पण तो पूर्ण माणसाचा निकाल नसतो.

दुसरी गोष्ट, त्यांनी अभ्यास सोडला नाही. गुरुदीक्षेनंतरही ते फादर बाले यांच्याकडे शिकतच राहिले. आर्समध्ये सुरुवातीला ते रात्र-रात्र बसून प्रवचन लिहीत आणि पाठ करीत. कधी मध्येच विसरत आणि खाली उतरून येत. पुढच्या रविवारी पुन्हा चढत. तेव्हा मुलांनो, संत नापास झाले म्हणून आपणही पुस्तक बाजूला ठेवावे, असा अर्थ कुणी काढू नये.

तिसरी गोष्ट पालक आणि शिक्षकांसाठी. मुलाला येत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असे नेहमीच नसते. कधी भाषा आड येते, कधी भीती, कधी पोटातली भूक. फादर बाले यांनी विद्यार्थी बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ज्या बातम्या येतात, त्या वाचून काळीज हलते. त्या मुलांना त्या रात्री गुणांपेक्षा एका माणसाची गरज होती. तुझे शिक्षण अजून संपलेले नाही, हे एक वाक्य घरातल्या कुणीतरी म्हणायला हवे होते. पुरवणी परीक्षा आहे, आयटीआय आहे, बाहेरून परीक्षेला बसता येते. वाटा आहेत. पण वाट दिसण्यासाठी आधी कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा लागतो.

आणि चौथी गोष्ट, कृतज्ञता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी बसतात. शाळेचे ऋण त्यांच्यावर आहेच. पण जो सातवीत थांबला आणि आज रिक्षा चालवतो, जी नववीत नापास झाली आणि आज बाजारात भाजी विकते, त्यांनाही त्यांच्या बाई आठवतात. ज्या बाईंनी कधी डब्यातली अर्धी भाकरी दिली, ज्या सरांनी सगळ्या वर्गासमोर लाज काढली नाही, त्यांची आठवण पहिल्या नंबराच्या मुलापेक्षा शेवटच्या बाकावरचा मुलगाच जास्त जपतो. व्हियानी शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी होते.

प्रभूने आपल्या मंडळीचा भार पेत्रावर टाकला, आणि पेत्र त्या रात्री तीन वेळा नापास झाला होता. प्रभूने त्याला पुन्हा समोर बसवले आणि तीन वेळा एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न प्रेमाचा होता.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. माझ्या शालेय जीवनात माझ्यावर विश्वास ठेवणारे शिक्षक कोण होते? ते आज कुठे आहेत? मी त्यांना शेवटचे कधी भेटलो?

२. आमच्या घरात नापास झालेल्या मुलाशी आम्ही पहिले वाक्य कोणते बोललो? आज ते बदलता आले तर काय बोलू?

३. माझ्या एखाद्या अपयशाने मला दुसऱ्याचे दुःख समजायला शिकवले का?

४. आपल्या वाडीत अभ्यासात मागे पडलेले एखादे मूल आहे का? त्याला आठवड्यातून एक तास मी देऊ शकेन का?

या आठवड्यात एवढे करू या. आपल्या जुन्या शिक्षकांपैकी एकाला भेटू या किंवा फोन करू या. ते हयात नसतील तर रविवारच्या मिस्सात त्यांचे नाव घेऊ या. आणि घरी गेल्यावर आरशासमोर क्षणभर उभे राहून स्वतःला विचारू या : माझा चेहरा आठवून कुणा मुलाला धीर येईल का?